जयमालाबाईंचं विरजण

उमाकांत शेटे यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखालची जखम ज्या दिवशी भरली, त्या दिवशी जयमालाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि लगेच जीभ चावली. ज्या साखरेनं घराचा इतका छळ मांडला होता, तीच देवाला कशी द्यायची? त्यांनी ती वाटी उचलली आणि तिच्या जागी दह्याची ठेवली. मान दह्याचाच होता. जखम दह्यानंच भरली होती.

उमाकांतराव तासगावचे. उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. "लोकांचा ऊस मोजता मोजता साखर माझ्या रक्तात उतरली," असं ते स्वतःच हसून सांगायचे. पण ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. जुना मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आणि पथ्याच्या नावानं आनंदीआनंद. घरात बायकोसमोर भाकरी आणि मेथीची भाजी खायची, आणि मग पाय मोकळे करायला म्हणून चौकात जाऊन जिलेबी. दंडाला चिकटवलेली टिकली रक्तातली साखर मोबाइलवर दाखवायची, तेव्हा चोरी लगेच पकडली जायची. जयमालाबाईंनी समजावून पाहिलं, अबोला धरला, लेकीच्या शपथा घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर भागेलच असं नाही.

नेमकं त्याच वेळी मिरजेच्या एका संशोधन केंद्रात मधुमेहाच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली आणि तिच्यात उमाकांतरावांचा नंबर लागला. औषध म्हणजे दही होतं. दर सोमवारी ड्रोन गच्चीवर सात बंद कप ठेवून जायचा. रोजच्या जेवणात एक कप खायचा, बस्स.

"दह्यानं मधुमेह बरा व्हायला लागला तर आम्ही जन्मभर काय भजी तळली?" जयमालाबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

चाचणीच्या डॉक्टर निखत मुजावर हसल्या. तिशी नुकतीच ओलांडलेली, हुशार, बोलायला मोकळी बाई. "काकू, आपण जेवतो तेव्हा एकटे जेवत नाही. आतड्यात अब्जावधी जिवाणू आपल्याबरोबर पंगतीला बसलेले असतात. आपण काय खातो त्यावर त्यातले कोण माजणार आणि कोण मरणार हे ठरतं. आणि हे पाहुणे नुसते खात नाहीत, मेंदूला आणि स्वादुपिंडाला निरोपही पाठवतात. पोट भरलं, आता थांब. साखर आली, इन्सुलिन सोड. वर्षानुवर्षं गोड आणि मैदा खाल्ला की ही निरोपानिरोपीच बिघडते."

"मग दही काय करतं?"

"दह्यातल्या एका जिवाणूला आम्ही दोन कामं शिकवली आहेत. पहिलं, जेवणातली साखर रक्तात शिरायच्या आत पकडायची आणि तिची अशी लांब साखळी करायची की ती अंगाला लागूच नये. दुसरं, पोट भरल्याचा निरोप जोरात पाठवायचा."

"आणि तो तिथंच ठाण मांडून बसला तर?"

"कुलूप आहे ना. स्वतःच्या अंगाभोवतीची भिंत बांधायला त्याला एक द्रव्य लागतं. ते तयार करायची कृती आम्ही त्याच्यातून काढून टाकली आहे. ते द्रव्य फक्त आमच्या कपात आहे. कप थांबला की दोन-चार दिवसांत सगळे मरतात."

कुलूप खरंच चांगलं होतं. फक्त ते ज्यांनी बनवलं, त्यांच्या डोळ्यांसमोर रुग्ण होता. रुग्णाच्या बायकोचं स्वयंपाकघर नव्हतं.

पहिल्याच महिन्यात घरचं दही एकदा भलतंच आंबट झालं. एरवी अशा वेळी जयमालाबाई वाटी घेऊन समोरच्या वंदना कोष्टींकडं जायच्या, पण वंदना माहेरी गेलेली. दूध तापवून कोमट केलेलं, आणि ओट्यावर उमाकांतरावांचा नुकताच खाऊन ठेवलेला कप. तळाला चमचाभर दही राहिलेलं. ते टाकून देणं जयमालाबाईंच्या जिवावर आलं. झाकणावर बारीक अक्षरांत काहीतरी सूचना होती. असल्या सूचना दुधाच्या पिशवीवरही असतात. त्या कोण वाचतं? त्यांनी घरच्या आंबट दह्याचा एक थेंब आणि कपातलं ते चमचाभर दही, दोन्ही दुधात घातलं, ढवळलं आणि पातेल्यावर ताट ठेवलं.

सकाळी ताट उचललं तर सुरीनं वड्या पाडाव्यात असं दही लागलं होतं. ना आंबट, ना पाणी सुटलेलं. जयमालाबाईंच्या हयातीत असं दही लागलं नव्हतं.

मग काय, रोज त्यातलंच विरजण. उमाकांतराव कपाबरोबर घरचंही खायला लागले. वंदनानं माहेरून आल्यावर एक वाटी नेली. वंदनाकडून तिच्या जावेकडं गेलं. कॉलनीत कुणाकडं कार्य निघालं की मठ्ठ्याला विरजण शेट्यांकडून. विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवायची रीत जयमालाबाईंच्या आईकडं नव्हती आणि त्यांच्याकडंही नव्हती. मागणाऱ्या बाईच्या डोळ्यांतलं कौतुक त्यांना आवडायचं, हेही खरं.

वर्षानं चाचणी संपली, कप बंद झाले. उमाकांतरावांची साखर मात्र जागची हलली नाही. इन्सुलिन सुटलं, जखम कोरडी पडली, चामडी धरली. डॉक्टर निखत तपासायला आल्या तेव्हा चकित झाल्या. "काका, कप थांबून तीन महिने झाले. हे कसं काय?"

"पथ्य," उमाकांतराव छाती काढून म्हणाले. "कडक पथ्य."

ज्या माणसानं आदल्याच दिवशी दोन पुरणपोळ्या चापल्या होत्या, त्याच्या तोंडचं हे पथ्य ऐकून जयमालाबाईंना हसू आवरेना. त्या आत निघून गेल्या. निखतबाईंनी 'रुग्णाने आहार सुधारला' असं नोंदवलं आणि त्या समाधानानं मिरजेला परतल्या. एका बढाईपायी एवढी मोठी गोष्ट त्या दिवशी निसटली.

त्या वर्षी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज आवळायला शिंप्याकडं रांग लागली. सुटलेली पोटं आत गेली. लग्नाच्या पंगतीत पानं अर्धी टाकून माणसं उठायला लागली आणि आचारी आपल्या हाताला दोष देऊ लागला. जो तो खूश होता. वंदनाची सासू तेवढी थोडं जास्तच वाळली. तिला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. ताट समोर ठेवलं की म्हातारी त्याच्याकडं नुसती बघायची, घरात आलेल्या अनोळखी माणसाकडं बघावं तशी. पुढं पुढं चमच्यानं दही-भात तेवढा खायची. एक दिवस झोपेतच गेली. वय झालं होतं, म्हणाले सगळे. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, असंही म्हणाले.

लेक सानिका पहिलटकरीण. सहावा महिना लागताच जावई ओंकार तिला पुण्याहून आणून सोडून गेला. गाडीतून उतरली तेव्हा गाल वर आलेले, चेहऱ्यावर तजेला. "आई, तुझ्या दह्याचे डोहाळे लागलेत गं," हे तिचं उंबऱ्यातलं पहिलं वाक्य. जयमालाबाईंनी पातेलंच तिच्यापुढं ठेवलं.

तीन आठवड्यांत गाल बसले.

डोहाळजेवणाला वंदनानं झोपाळा सजवला, सात जणींनी सात पदार्थ करून आणले. सानिका हिरव्या साडीत बसली होती, हसत होती, फोटो काढून घेत होती. पानातलं काहीच तिनं खाल्लं नाही. बायका निघून गेल्यावर जयमालाबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"काय होतंय? मळमळतंय का?"

"नाही गं. मळमळत नाही, जळजळत नाही. घास तोंडात फिरत राहतो, एवढंच. नको वाटत नाही आई, पण हवंच वाटत नाही."

"बाळासाठी म्हणून दोन घास खा की."

"खाल्ले की. तू म्हणालीस म्हणून खाल्ले."

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाईंनी मापं दोनदा घेतली आणि सांगितलं की बाळाची वाढ दोन आठवड्यांनी मागे आहे, मुलीला खायला घाला.  आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत लेक उपाशी राहतेय? त्यांनी डिंकाचे लाडू केले, खीर केली, जवळ बसून भरवलं. सानिका शहाण्या मुलीसारखी गिळत राहिली, आणि तरी वाळत राहिली.

तिचं ते ताटाकडं बघणं जयमालाबाईंना कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. भाकरी थापता थापता एकदम आठवलं. कप सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात उमाकांतराव असेच ताट सरकवून बसायचे; पुढं जिभेच्या लाडापायी खायला लागले, एवढंच. वंदनाची सासूही अशीच बसायची. त्यांनी पिठाचे हात तसेच पदराला पुसले, कपाटातून उमाकांतरावांची एक कोरी टिकली काढली आणि सानिकाच्या दंडाला चिकटवली. खीर खाल्ल्यावर साखर वर चढायला हवी. मोबाइलवरचा आकडा खालीच होता, आणि थोड्या वेळानं तो आणखी खाली घसरला.

जयमालाबाईंनी मिरजेला फोन लावला.

निखतबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. सानिकाला तपासलं, रक्त घेतलं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि ओट्यावरच्या पातेल्यापाशी थांबल्या.

"काकू, हे दही कुठलं?"

"तुमचंच की," जयमालाबाई कौतुकानं म्हणाल्या. "कपातलं उरलेलं विरजण लावलं होतं. तेव्हापासून रोज त्याचंच. सगळी कॉलनी नेते."

निखतबाईंच्या हातातला पेला ओट्यावर जरा जोरात टेकला.  मग त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या खाली बसल्या.

"माझी आजी रोज शेजारून विरजण आणायची," त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणी वाटी घेऊन मीच जायचे. आणि चाचणीचा आराखडा करताना मला हे सुचलं नाही. आम्हा कुणालाच नाही सुचलं."

"पण तुमचं ते कुलूप? कप थांबला की मरतात म्हणाला होता."

"एकटे असते तर मेले असते. तुम्ही त्यांना घरच्या दह्यातल्या जिवाणूंच्या शेजारी नेऊन बसवलंत. जिवाणू एकमेकांना नुसती चव देत नाहीत काकू, कृतीसुद्धा देतात. आपल्या अंगातला गुणाचा तुकडा दुसऱ्याच्या अंगात सोडतात. आम्ही जी भिंतीची कृती काढून घेतली होती, ती एखाद्याला घरच्या दह्यातून परत मिळाली असणार. तो जगला. त्याची पिलावळ जगली. तुम्ही रोज त्यातलाच चमचा ताज्या दुधात घातलात. जो जोमानं वाढेल तोच पुढच्या पातेल्यात. आमच्या प्रयोगशाळेत असा वाण तयार करायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. तुमच्या पातेल्यात तो आपोआप झाला." त्यांनी ताट उचलून आत पाहिलं. "आणि हा आता काकांच्या साखरेवर थांबत नाही. समोर येईल ती साखर खातो. बाळाच्या वाटची पण."

"म्हणजे माझ्या लेकीला मी..."

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत."

"पण केलं मीच ना?"

 निखतबाईंनी विचारलं, "कुणाकुणाला दिलंत?" जयमालाबाई बोटांवर नावं मोजायला लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर त्यांनी हात खाली घेतले.

निखतबाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. घरातल्या प्रत्येकानं जिवाणूनाशक गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यायचा, सानिकाला चालतील अशा वेगळ्या देते. आणि या दह्याचा थेंबही घरात राहता कामा नये. ज्याच्या आतड्यात रोज नवं दही पडतं, त्याला गोळी काय करणार? भांडी उकळायची, फडकी जाळायची, दही जंतुनाशक घालून ओतून द्यायचं.

"आणि यांचं?" जयमालाबाईंनी बाहेरच्या खोलीकडं मान केली. उमाकांतराव पेपर वाचत बसले होते, बरा झालेला पाय स्टुलावर ठेवून.

"त्यांना आता जुनाच रस्ता. भाकरी, डाळ, भाजी, चालणं, वेळेवर इन्सुलिन. कंटाळवाणा आहे, पण त्यानं माणसं जगतात काकू. मी स्वतः आहार ठरवून देते. फक्त तो पाळायला हवा."

दुपारी जयमालाबाईंनी मागच्या अंगणात बादली ठेवली आणि पातेलं हातात घेतलं. औषधाचा उग्र वास नाकात शिरला. तेवढ्यात उमाकांतराव मागच्या दारात येऊन उभे राहिले. चालत आले होते, काठीशिवाय.  भाकरी, डाळ आणि चालणं. हा माणूस? पंधरा वर्षं हेच तर सांगत होतो आपण. पालथा घडा कधी भरला होता?

"तुम्ही जरा पुढं बसा, वासानं डोकं दुखेल," त्या म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी फडताळातून एक छोटी स्टीलची डबी काढली, चमचाभर दही तिच्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि ती फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागं सारली. मग बाकीचं सगळं बादलीत ओतलं. वापरायची कुठं आहे, त्या स्वतःशी म्हणाल्या. असू दे नुसती.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेची माणसं घरोघर फिरली. पण मठ्ठा कुठल्या कुठल्या लग्नात गेला होता, कुणाची लेक विरजण घेऊन कुठल्या गावी नांदायला गेली होती, हे नगरपालिका कुठं कुठं शोधणार? निखतबाई फोनवर नवनव्या गावांची नावं सांगायच्या आणि त्यांचा आवाज दर वेळी जरा आणखी खाली गेलेला असायचा.

शेट्यांच्या घरात मात्र दिवाळी झाली. गोळ्या संपल्यानंतर एका दुपारी सानिका झोपेतून उठून थेट स्वयंपाकघरात आली. "आई, भाकरी आहे? आणि ठेचा? भूक लागलीय गं. कसली भूक लागलीय म्हणून सांगू!" ओट्यापाशी उभ्या उभ्याच तिनं भाकरीचा चतकोर ठेच्यात बुडवून खाल्ला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जयमालाबाई तव्यावर भाकऱ्या टाकत राहिल्या आणि मुकाट्यानं रडत राहिल्या. पुढच्या सोनोग्राफीत बाळानं वजन धरलं होतं.

उमाकांतरावांचं पथ्य आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी चिवडा, मग जावयानं आणलेली बाकरवडी, मग गुळाचा खडा. दीड वर्ष मोकाट खाल्लेल्या जिभेला आता भाकरी मातीसारखी लागायची. जयमालाबाई ओरडल्या तर ते म्हणाले, "अगं, भूक लागते त्याला मी काय करू? तुझ्या लेकीला लागली की तुला कौतुक, मला लागली की गुन्हा!" इन्सुलिन पुन्हा चढलं. चढलेलंही पुरेना. अंगठ्याखालची चामडी आधी लाल झाली, मग फुटली, आणि महिन्याभरात जखमेची कड काळी पडली. डॉक्टरांनी या वेळी अंगठ्याचं नाव काढलं नाही. घोट्याच्या वर बोट ठेवलं.

घरी आल्यावर उमाकांतराव खिडकीपाशी बसून राहिले. "हा पाय तेवढा शाबूत हवा होता," ते म्हणाले. "नातवाला कडेवर घेऊन चौकात न्यायचं होतं."

जयमालाबाईंनी मटारची पिशवी बाजूला सारली.

त्यांनी सगळी काळजी घेतली, असं त्यांना वाटत होतं. वेगळं छोटं पातेलं, वेगळा चमचा, फ्रीजचा सगळ्यात वरचा कप्पा, सानिकासाठी डेअरीचं दही. उमाकांतरावांच्या पानात वाटी आली तेव्हा त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि बायकोकडं पाहिलं. "दही छान लागलंय आज."

"डेअरीचं आहे."

"असं होय." त्यांनी वाटी बोटानं चाटून पुसली. दोघांनीही पुढं काही विचारलं नाही. पंधरा दिवसांत जखमेची कड गुलाबी झाली, तेव्हाही विचारलं नाही.

सानिकाला मुलगा झाला. वजन जेमतेम, पण आवाज असा की दवाखान्याच्या जिन्यात ऐकू यावा. भूक लागली की मुठी वळून, लालबुंद होऊन किंचाळायचा. "आजोबांच्या वळणावर गेलाय, खाण्यापुढं काही सुचत नाही," वंदना म्हणाली. घर त्याच्या रडण्याभोवती फिरायला लागलं. जयमालाबाईंना तो आवाज गोड वाटायचा. उशिरा का होईना, वाचवलं आपण याला, असं मनात यायचं.

दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. पण गुटी म्हणजे काय काही देणं झालं का? सानिकाला त्यांनीच दिली होती, त्यांना त्यांच्या आईनं. दिवेलागणीला दूध विरजून झालं की जयमालाबाई सहाण घ्यायच्या. हळकुंडाचे दोन वळसे, वेखंडाचा एक, बदामाचे चार, सानिकाच्या दुधात. ते बोटावर घ्यायचं आणि बोट बाळाच्या तोंडात द्यायचं. काय चोखायचा! हिरड्यांनी बोट धरून ठेवायचा, सोडायचाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं रडणं कमी केलं. मग थांबवलं.

सानिका पहिल्यांदाच पोटभर झोपली. ओंकार व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "शहाणा झाला की एकदम!" वंदना बाळाला बघायला आली, पाळण्यात वाकून तिनं कडाकडा बोटं मोडली. "गुणाचं पोर आहे हो. पाळण्यात घातलं की घातलं. भूक नाही, तहान नाही. कुणाला काही त्रास नाही."

जयमालाबाई दारात उभ्या होत्या. हातात संध्याकाळच्या दुधाचं छोटं पातेलं होतं. दूध विरजण्याइतकं कोमट झालंय का हे बघायला त्यांनी रोजच्यासारखं बोट आत बुडवलं होतं. त्यांनी ते बोट वर काढून पाहिलं. आधी दुधात, मग विरजणात, मग ढवळायला. मग नळाखाली धरून सहाणेवर.  पातेलं खाली ठेवून त्या पाळण्याजवळ गेल्या आणि बाळाला उचललं. पोर कागदासारखं हलकं लागलं. ते जागं होतं. शांतपणे त्यांच्याकडं बघत होतं. कालपर्यंत भरलेल्या त्याच्या मांडीवर चामडीची घडी पडली होती.

त्यांनी तिथंच उभं राहून फोन लावला. सानिका अंथरुणावरून बघत होती.

"मुजावरबाई, बाळ रडत नाही. दूध ओढत नाही." त्यांनी बाळाला खांद्याशी घट्ट धरलं. "मी सगळं टाकलं नव्हतं हो. यांच्या पायासाठी ठेवलं होतं थोडं. त्याच हातानं गुटी दिली."

 पलीकडून निखतबाई भराभर बोलायला लागल्या. आत्ता निघा, दवाखान्यात मी तयारी करते, सलाइनमधून साखर द्यावी लागेल.

"गोळ्या आहेत ना त्याच्या? सानिकाला दिल्या तशा?"

"काकू, सानिकाच्या आतड्यात आधीपासून हजार जातींची वस्ती होती. बाहेरचा हाकलला की जुने लोक परत जागा घेतात. बाळाचं आतडं कोरं असतं. तिथं जो पहिला येतो तो घर बांधतो. त्याला काढायचं म्हणजे..." त्या थांबल्या. "तुम्ही निघा. रस्त्यात त्याला पाजायचा प्रयत्न करत राहा. झोपू देऊ नका."

वंदना भिंतीला टेकून खाली बसली होती. शेवटच्या दिवसांतली सासू तिच्या डोळ्यांसमोर आली होती. उमाकांतराव आतल्या खोलीतून आले. त्यांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या पायाकडं, आणि ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

सानिकानं विचारलं, "तू म्हणालीस टाकलंय. मला म्हणालीस."

"हो."

"पप्पांना माहीत होतं?"

उमाकांतरावांची पाठ होती. ती वळली नाही.

मिरजेच्या रस्त्यावर गाडी उमाकांतराव चालवत होते. बऱ्या झालेल्या पायानं. मागच्या सीटवर सानिका बाळाला पदराखाली घेऊन बसली होती. ती त्याचं तोंड पुन्हा पुन्हा छातीशी नेत होती, दुधाचे थेंब ओठांवर पिळत होती. थेंब ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून त्याच्या झबल्यावर ओघळत होते. तिनं त्याच्या तळपायाला टिचकी मारली, मग जोरात मारली. बाळ कळवळून रडलं.

"रडला!" उमाकांतराव पुढून ओरडले. "रडला गं!"

सानिकानं घाईघाईनं त्याला छातीशी धरलं. तो दुखल्यापुरता रडला आणि गप्प झाला. ओठ मिटलेलेच राहिले. डोळे उघडे ठेवून तो आईच्या तोंडाकडं बघत होता, अगदी निवांत.

जयमालाबाईंना राहवेना. त्यांनी नातवाच्या गालाला लावायला हात पुढं केला.

"आई," सानिका त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "हात लावू नकोस त्याला."

जयमालाबाईंनी हात मागं घेतला. तो पदरात गुंडाळून घट्ट धरून त्या बसून राहिल्या, आणि मिरज येईपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही.